याच्यानंतर कोणतं लागायचं

मागच्या रविवारी सलूनमध्ये एक गोष्ट घडली आणि ती काही केल्या मनातून जाईना. कोपरखैरण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे सलून आहे, ते चालवणारा कारागीर मूळचा जौनपूरचा. वीसेक वर्षं तरी झाली असतील त्याला इथे. वस्तरा हनुवटीखाली फिरत असताना तो काहीतरी गुणगुणायला लागला. त्याच्याकडचं भोजपुरी काहीतरी असेल म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग एकदम जाणवलं, अरे, ही चाल तर मराठी आहे. शब्द निम्मे बरोबर, निम्मे त्याने आपल्या जिभेला सोयीचे करून घेतलेले, 'ळ'चा सगळीकडे 'ल' झालेला. पण चाल पक्की. कडव्यातून ध्रुवपदावर उतरताना जी बारीकशी हरकत होती, तीसुद्धा जागच्या जागी. वस्तरा बाजूला झाल्यावर मी विचारलं, "कौन सा गाना है ये?" तो जरा थांबला. आपण मराठी गाणं म्हणत होतो हे त्याच्याही ध्यानात नसावं. "नाम तो नहीं पता साहब. वो मराठी गाने वाला चैनल लगता था ना अपने यहाँ, उस पे आता था." आणि मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "आप बताओ ना. आप तो मराठी हो."

मला सांगता आलं नाही.

गाणं ओळखीचं होतं, अगदी चांगलंच ओळखीचं. पुढची ओळ कशी वळते ते माहीत होतं, मधल्या तुकड्यात बासरी आहे हे माहीत होतं, त्या गाण्याच्या वेळी पडद्यावर पिवळट उजेड असायचा हेही आठवत होतं. पण चित्रपटाचं नाव नाही, गायकाचं नाही, ध्रुवपदाचे पहिले दोन शब्दसुद्धा नाहीत. शोधायचं म्हटलं तर शोधायला शब्द लागतात, आणि माझ्याकडे नुसती चाल होती. घरी येईपर्यंत मी ती चाल तोंडात धरून ठेवली, रस्त्यात हातातून दुधाची पिशवी सांडू नये म्हणून जपतो तशी.

सलूनमधला टीव्ही अजून भिंतीवर आहे. रिमोटला घातलेली प्लास्टिकची पिशवी पिवळी पडली आहे. टीव्ही बहुतेक बंदच असतो. खाली फळीवर पावडरच्या डब्याशेजारी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे आणि त्यावर कारागिराच्या मोबाइलमधली गाणी चालू असतात. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या कानात बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं काहीतरी चालू असतं. कान भादरायची वेळ आली की तो इअरफोन काढतो, झालं की परत घालतो. पण साधारण २०१२ पासून पुढची पाच-सहा वर्षं या दुकानात दिवसभर मराठी गाण्यांची वाहिनी चालू असायची. त्याआधी हिंदी गाण्यांची असायची. बदलायला गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी सांगितलं असणार, कारण आमची वस्ती मुख्यतः माथाडींची. सातारा-पाटणकडची माणसं, वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी घेणारी. रविवारी सकाळी बाकावर वर्तमानपत्राची पानं वाटून घेत आठ-दहा जण बसलेले असायचे आणि वर नवीन चित्रपटाचं गाणं. कारागीर ते बघत नसे, त्याचं सगळं लक्ष डोक्यात. पण कानावर पडत होतं. दिवसाला बारा तास, आठवड्याचे सहा दिवस. त्याला मराठी अशीच आली असणार, थोडी गिऱ्हाइकांकडून आणि थोडी वरच्या कोपऱ्यातून.

'९एक्स झकास' आली २०११ मध्ये, मराठीतली पहिली चोवीस तासांची संगीतवाहिनी म्हणून. पुढे 'संगीत मराठी', 'मायबोली' अशा आणखी वाहिन्या आल्या. तेव्हा त्याचं अप्रूप काय होतं ते आज कुणाला सांगून पटायचं नाही. मराठी गाणी त्याआधी टीव्हीवर नव्हती असं थोडंच आहे! मुंबई दूरदर्शनवर 'शब्दांच्या पलीकडले' होतं, १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आल्यावर 'नक्षत्रांचे देणे' होतं, पुढे 'सारेगमप'च्या 'लिटिल चॅम्प्स'नी तर अख्खी घरं टीव्हीसमोर बसवली. पण त्या सगळ्याला वेळ ठरलेली होती. गाणं यायचं ते पाहुण्यासारखं. आपण हातपाय धुऊन, जेवणं आटोपून समोर बसायचं, निवेदक दोन वाक्यं चांगली बोलणार, मागे फुलांची सजावट. या नव्या वाहिनीवर गाणं पाहुणं राहिलं नाही. ते घरातल्या माणसासारखं दिवसभर वावरायला लागलं. सकाळी साडेसहाला लावा, गाणं. रात्री बाराला लावा, गाणं. आणि त्यातली मुलंमुली जीन्स घालून, मोटारसायकलवर बसून, पावसात भिजत मराठीत प्रेम करत होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या पोरींना याचं केवढं मोल होतं! तोवर कॉलेजच्या गॅदरिंगला नाच बसवायचा तर मराठीत लावणी किंवा कोळीगीत, आणि बाकी सगळं हिंदीतून आणायचं, अशी वाटणी होती.

आमच्या घरात ती वाहिनी खऱ्या अर्थाने आईची होती. माथाडी वसाहतीतली घरं म्हणजे छोटे प्लॉट, एकाला एक चिकटलेल्या भिंती, पुढे खोली, मागे स्वयंपाकघर. टीव्ही पुढच्या खोलीत. आई ओट्यापाशी उभी राहिली की तिला पडदा दिसत नसे. आवाज मात्र बारीकसारीक सगळा ऐकू यायचा. सकाळी सहाला ती वाहिनी लावायची आणि पडद्याकडे पाठ करून कामाला लागायची. अण्णा कांदा-बटाटा मार्केटला गेलेले असायचे, आम्ही झोपेत. गाण्यांच्या अंदाजावर तिचा सगळा स्वयंपाक चालायचा. "ते हळदीचं गाणं सुरू झालं की तुला उठवायचं," असं ती मला सांगायची. घड्याळ समोर होतं, पण तिला ते बघावं लागत नसे. वाहिनीकडे गाणीच मोजकी. मराठीत वर्षाला चित्रपट किती, त्यातली वाजण्याजोगी गाणी किती! त्यामुळे तीच तीच फिरून यायची, कित्येक आठवडे त्याच क्रमाने. मला त्या पुनरावृत्तीचा वैताग यायचा. आईला कधी आला नाही. पाटण तालुक्यातल्या तिच्या माहेरी सांगली आकाशवाणी लागायची, आणि तिथेही आवडतं गाणं परत लागण्याची वाट बघण्यात आठवडा जायचा. तिची एकच तक्रार होती. रेडिओवरची बाई गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं नीट सांगायची. इथे पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी यायची नि चार सेकंदांत जायची. ओट्यापासून पळत येईपर्यंत पट्टी गायब. "लिहिणाऱ्याचं नाव तरी मोठ्याने घ्यावं की रे," ती म्हणायची. पदराला हात पुसत दारात उभी राहिलेली आणि गेलेल्या पट्टीच्या जागेकडे बघणारी आई मला आजही स्पष्ट दिसते.

त्या गल्लीतली एक गंमत मला फार प्रिय होती. साध्या केबलच्या काळात सगळ्या घरांत एकाच वायरीतून एकच चित्र यायचं. सकाळी मी पाणी भरायला बाहेर पडलो की चार घरांतून एकच गाणं एका सुरात ऐकू यायचं आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो तरी ते सुटायचं नाही. मग २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि पाठोपाठ आमच्याकडेही. कुणी केबलवाल्याचा बॉक्स घेतला, कुणी गच्चीवर छत्री लावली. तेव्हापासून तेच गाणं शेजारच्या घरातून अर्धा सेकंद मागे, पलीकडच्या घरातून दोन सेकंद मागे असं यायला लागलं. आमच्याकडे ध्रुवपद संपायचं तेव्हा शिंदेकाकूंकडे शेवटचा शब्द चालू असायचा. आई म्हणायची, "देवळातल्या आरतीत मागचे लोक मागे राहतात ना, तसं वाटतं." मला ते मागे-पुढे होणंही आवडायचं. एकच गाणं अख्ख्या गल्लीतून ओळीने चालत गेल्यासारखं.

२०१६ चा उन्हाळा तर विसरताच येणार नाही. २९ एप्रिलला 'सैराट' आला, पण त्याची गाणी त्याआधीच गल्लीत येऊन बसली होती. अजय-अतुलनी त्यातलं संगीत अमेरिकेत जाऊन, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं, आणि ती व्हायोलिनं आमच्या पत्र्याच्या पडव्यांखाली, कुकरच्या शिट्ट्यांत मिसळून वाजत होती. सलूनमध्ये गाणं लागलं की बाकावरची पोरं आवाज वाढवायला लावायची. समोरचा ज्यूसवाला, कोपऱ्यावरचा मलयाळी टायरवाला, कुणीही कुरकुर केली नाही. नवी मुंबईत रस्त्यावरची भाषा हिंदी. रिक्षात बसताना, भाजी घेताना, दोन मराठी माणसंसुद्धा पहिलं वाक्य हिंदीत बोलतात आणि मग ओळख पटली की मराठीवर येतात. त्या दोन-तीन महिन्यांत असं वाटलं, की निदान गाण्याच्या बाबतीत तरी पहिलं वाक्य मराठीत बोललं जातंय. मला त्याचा अभिमान वाटला होता, आणि तो अभिमान कुणाला हिणवणारा नव्हता. टायरवाला शिट्टीवर ती चाल वाजवायचा, तेव्हा त्याला कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

आणि त्याच वर्षी, ५ सप्टेंबरला, जिओची सेवा सुरू झाली. आधी डिसेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट. त्यांचं मोठं आवार आमच्या शेजारीच, घणसोलीला, लोकलने एक स्टेशन. गल्लीतली कितीतरी पोरं तिथे सिक्युरिटीत, हाउसकीपिंगमध्ये, कॅन्टीनमध्ये कामाला लागलेली. दिवाळीपर्यंत बाकावरच्या प्रत्येक पोराच्या हातात त्याला हवं ते गाणं होतं, हवं तेव्हा, हव्या तितक्या वेळा. यात वाईट काय? काहीच नाही. मीही तेच केलं. गाणी संगीत कंपन्यांच्या मालकीची, वाहिनीने ती पैसे भरून वाजवायची. त्याच कंपन्या तेच गाणं आधी यूट्यूबवर टाकणार असतील, तर वाहिनीने कुठल्या जोरावर उभं राहायचं? चित्रपट बनवणाऱ्याला पूर्वी वाहिनीवर गाणं यावं असं वाटायचं, आता किती लाख लोकांनी बघितलं हा आकडा जाहिरातीत छापता यायला हवा असतो.

आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं. जाहिरातीचा पैसा प्रेक्षकसंख्येच्या मागे जातो, आणि ती संख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे मीटर बसतात निवडक घरांमध्ये. घरातला कोण टीव्ही बघतोय याची नोंद बटण दाबून करायची. सलून त्यात नाही. वडापावची गाडी नाही, रिचार्जचं दुकान नाही, लग्नाच्या हॉलमधला जेवणघराशेजारचा टीव्ही नाही. म्हणजे रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत तीसेक माणसांनी आळीपाळीने बाकावर बसून ऐकलेलं गाणं हिशोबात शून्य. कारागिराने सहा वर्षं ऐकलं तेही शून्य. आणि ओट्यापाशी पडद्याकडे पाठ करून उभी राहिलेली आई? मीटर आमच्याकडे असता तरी तिने बटण दाबलं नसतं. "मी कुठे बघत होते?" असंच म्हणाली असती. माझी तर खात्री आहे, या वाहिनीला ज्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला, ते तिच्या हिशोबात कधी आलेच नाहीत.

हळूहळू वाहिनी पातळ होत गेली. आधी पहाटेचे तास गेले, तिथे केसांच्या तेलाच्या, गुडघेदुखीच्या लांबलचक जाहिराती आल्या. एकच माणूस अर्धा तास बाटली दाखवतोय. आई वाट बघायची, मग आवाज बारीक करायची, मग टीव्ही बंद करून स्वतःच काहीतरी म्हणायची. तरी सातला परत लावायची.

ती वाहिनी आमच्या घरातून गेली माझ्या हाताने.

२०१९ च्या जानेवारीत 'ट्राय'चे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले तेव्हाची गोष्ट. आपल्याला हव्या त्याच वाहिन्या निवडायच्या. १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैशांत शंभर वाहिन्या, त्यातल्या पंचवीसेक दूरदर्शनच्या सक्तीच्या, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. १ फेब्रुवारीपासून लागू. केबलवाल्याचा मुलगा दारात उभा, हातात झेरॉक्स केलेल्या याद्या, पेन त्याचंच, आणि पलीकडच्या चार घरांत त्याला अजून जायचं होतं. मी उंबऱ्यात बसून खुणा केल्या. अण्णांना बातम्या. आईला मालिका. माझ्या मुलीला कार्टून. क्रिकेट. प्रत्येकीपुढे किंमत, काही काही १९ रुपयांपर्यंत. मी बेरीज करत होतो, काय बसतंय आणि काय नाही ते बघत होतो. फुकट वाहिन्यांची यादी मागच्या पानावर, बारीक अक्षरात. तो म्हणाला, "फ्रीमधले मी टाकतो दादा नेहमीचे," आणि मी बरं म्हटलं. संगीतवाहिनीला एक पैसा पडणार नव्हता. यादीत होती. मी पान उलटलं नाही. घरात कोण काय बघतं एवढाच विचार माझ्या मनात होता, आणि ती वाहिनी आमच्यात कुणी बघत नव्हतं. ती घरात असायची, फोडणीचा वास असतो तशी.

काही दिवसांनी नेहमीच्या नंबरवर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. आई म्हणाली, "लाइन गेली वाटतं." मी समजावून सांगितलं, पुढच्या महिन्यात सांगून टाकून घेऊ म्हटलं. पुढचा महिना आला, गेला. २०२० च्या मार्चपासून त्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या मिळायला लागल्या, पण तेव्हा सगळंच बंद पडलं, दारात माणूस येईना, आणि मी विसरलो. आईने पुन्हा आठवण केली नाही. तिला मी मोबाइल घेऊन दिला, त्यात गाणी कशी लावायची ते दाखवलं. ती लावते. पण "काय लावू?" हा प्रश्न तिला रोज सकाळी पडतो. मग ती अभंग लावते, कारण अभंगाचं नाव तिला माहीत असतं. नवीन गाणं तिच्यापर्यंत येत नाही आता. जे माहीतच नाही ते मागायचं कसं?

मराठी गाणं आटलं असं मी म्हणणार नाही. उलट आमच्या भोवतीच्या गावांत जे चाललंय ते बघून छाती भरून येते. पूर्वी स्थानिक केबलवर आगरी-कोळी गाण्यांच्या सीडी लावायचे, मधे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो, एकविरा आईची पालखी, परत गाणं. आज तीच मंडळी, घणसोली-दिवाळे-करावेकडची पोरं, स्वतः कॅमेरा घेऊन खाडीत होडीवर, शेतात, हळदीच्या मांडवात गाणी करतात, आणि त्यातली काही कोटींच्या घरात बघितली जातात. भाषा त्यांची, ठेका त्यांचा, कुणाच्या वाहिनीची परवानगी लागत नाही. पण ते गाणं जौनपूरच्या कारागिराच्या मोबाइलवर येणार नाही. मोबाइल त्याला त्याच्याकडचंच देणार, मला माझ्याकडचं, टायरवाल्याला त्याच्याकडचं. एका बाकावर आम्ही तिघं बसू आणि तिघांच्या कानात तीन गावं असतील. हळदीची रात्र सोडली तर मराठी गाणं आता आमच्या रस्त्यावर, कुणी न मागता, सगळ्यांच्या डोक्यावरून वाजत नाही. वीस वर्षांत त्या माणसाने एक अख्खं मराठी गाणं हरकतीसकट उचललं, ते फुकट, कुणी शिकवलं नसताना. दुसरं आता तो कुठून उचलणार, हा विचार मला छळतो.

रविवारी घरी आलो तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी पिशवी ठेवायच्या आधीच तिच्यासमोर उभा राहून ती चाल म्हटली, विसरायच्या भीतीने. एकदा म्हटली, नीट जमली नाही, परत म्हटली. तिने मान वर केली नाही. बोटांनी देठ तोडत राहिली. मग माझी चाल जिथे अडली तिथून तिने पुढची ओळ गुणगुणली, शब्दांशिवाय, बासरीचा तुकडासुद्धा.

"नाव काय गं याचं?"

"नाव नाही येत रे. पट्टी कुठे बघू द्यायचे!" तिने जुडी उलटी केली. "पण याच्यानंतर ते दुसरं लागायचं. त्या होडीतलं. ते संपत आलं की मी कुकर बंद करायची."

आणि ती ते होडीतलं म्हणायला लागली.